लाल लाखेचा ठिपका: एका निळ्या-पांढऱ्या चिनी फुलदाणीचे परीक्षण

जुन्या चिनी वस्तूंच्या एका विक्रेत्याकडून घेतलेली निळी-पांढरी फुलदाणी गेले चार महिने माझ्याजवळ आहे. या काळात मी तिला दिवसाच्या उजेडात, दिव्याखाली, भिंगातून आणि नुसत्या बोटांनी इतक्या वेळा तपासले आहे, की तिच्याविषयी आता जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. तिची उंची ४४ सेंटीमीटर आहे. खांदे भरदार, पोट खाली निमुळते होत जाऊन बुडाशी पुन्हा किंचित पसरलेले आणि मान कर्ण्यासारखी वर उघडत गेलेली, असा तिचा घाट आहे. या घाटाला चिनी भाषेत ‘फंगवेइझुन’, म्हणजे फिनिक्सच्या शेपटीसारखे पात्र, असे म्हणतात. सर्वांगावर गडद निळी जमीन, त्या जमिनीवर गोठलेले पाणी तडकल्यासारख्या रेषांचे जाळे आणि त्यांतून वर चढत गेलेल्या, पांढऱ्या फुलांनी लगडलेल्या प्लमच्या फांद्या आहेत. बुडाखाली दोन निळ्या वर्तुळांच्या आत चार अक्षरे असून त्यांचा अर्थ ‘कांगशी काळात निर्मित’ असा होतो. आणि त्या वर्तुळांच्या शेजारी, नखाएवढ्या जागेत, लाल लाखेची एक गोल मोहोर आहे.

विक्रेत्याने वर्णनात तीन गोष्टी ठळकपणे लिहिल्या होत्या: कांगशी सम्राटाचा काळ, म्हणजे १६६२ ते १७२२, चिनी सरकारची मोहोर, आणि वयाच्या मानाने उत्तम स्थिती. यांपैकी पहिली गोष्ट चूक आहे, दुसरी खरी आहे आणि तिसरी अर्धवट खरी आहे. फुलदाणी जुनी आहे आणि सुंदरही आहे, परंतु ती कांगशी काळातील नसून ग्वांगशू सम्राटाच्या काळातील, साधारणपणे १८८० ते १९०० या दरम्यानची असावी, असे माझे मत झाले आहे. विशेष म्हणजे या मताला पहिला आधार मिळाला तो विक्रेत्याने हमी म्हणून पुढे केलेल्या त्या लाल मोहोरेतूनच.

ही मोहोर काय असते, हे नीट समजून घ्यावे, कारण अशा मोहोरा असलेल्या फुलदाण्या लिलावांत आणि दुकानांत नेहमी दिसतात आणि बहुतेक खरेदीदार त्यांच्याकडे केवळ जुनेपणाचा दाखला म्हणून पाहतात. चीनमधून जुनी वस्तू बाहेर नेण्यासाठी तेथील सांस्कृतिक वारसा खात्याच्या तज्ज्ञांनी ती तपासून परवानगी द्यावी लागते, आणि परवानगी मिळालेल्या वस्तूवर लाखेची मोहोर उमटवली जात असे. १९६० साली ठरलेल्या निकषांमध्ये तीन वर्षे सीमारेषा म्हणून धरली होती: १७९५, १९११ आणि १९४९. चिनी मातीच्या भांड्यांना यांपैकी १७९५ ची, म्हणजे छियानलोंग सम्राटाच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षाची, रेषा लागू होती; त्या वर्षापर्यंतचे पात्र देशाबाहेर जाऊ देत नसत. २००७ साली हे निकष कडक झाले आणि १९११ पर्यंतच्या सगळ्याच वस्तूंना बंदी झाली. आता या माहितीच्या उजेडात माझ्या फुलदाणीकडे पाहा. तिच्यावर मोहोर आहे, म्हणजे ज्या चिनी तज्ज्ञाने ती हातात घेऊन पाहिली त्याने ती १७९५ नंतरची ठरवली होती. कांगशी काळातील आहे असे त्याला वाटले असते, तर मोहोर उमटलीच नसती आणि फुलदाणी तेथेच राहिली असती.

अर्थात एकट्या मोहोरेवर निकाल देणे योग्य नाही. तज्ज्ञाकडूनही चूक होऊ शकते, घाईच्या दिवशी अनेक पात्रे एकदम तपासली जात असतील, आणि लाखेची नक्कलही करता येते. म्हणून मी मोहोर बाजूला ठेवून फुलदाणीच तपासली, आणि तीही बुडापासून. चिनी मातीच्या पात्राच्या बुडाची टेकणारी कड ही अशी एक जागा आहे, जिथे झिलईचे आवरण नसते, चित्र नसते, आणि माती, कातकाम व भट्टी या तिन्ही गोष्टी उघड्या पडतात. कांगशी काळातील या घाटाच्या अनेक मोठ्या फुलदाण्यांच्या बुडाला पायरी कातलेली असते, म्हणजे जमिनीवर टेकणारे कडे आणि त्याच्या आत वर गेलेला आणखी एक टप्पा. आणि त्या कड्याची कड इतकी गुळगुळीत, गोलसर केलेली असते की चिनी संग्राहक तिला एका मऊ, निसरड्या माशाच्या पाठीची उपमा देतात. माझ्या फुलदाणीला पायरी नाही. कडे सरळ कापलेले आहे, त्याची आतली कड बोटाला किंचित धारदार लागते आणि उघडी माती पांढरी व स्वच्छ असली तरी कांगशी काळातील मातीचा तो घट्ट, दळदार, दाणा न दिसणारा पोत तिच्यात नाही. कड्यावरचा मळ मात्र खरा आहे: भिंगाखाली तो खाचांमध्ये खोल बसलेला दिसतो, वरवर लावलेल्या चहाच्या पाण्यासारखा किंवा लोहयुक्त रंगासारखा सारखा पसरलेला नाही. याचा अर्थ फुलदाणी कालपरवाची नाही, शंभराहून अधिक वर्षांची आहे, इतके निश्चित म्हणता येते.

झिलईही याच दिशेने बोट दाखवते. फुलदाणी खिडकीपाशी तिरकी धरली, की तिच्या पोटावर पडलेले खिडकीचे प्रतिबिंब सरळ राहत नाही, मंद वाऱ्याने हललेल्या पाण्यावर पडावे तसे ते थरथरलेले दिसते. एकोणिसाव्या शतकातल्या, विशेषतः दाओग्वांग सम्राटापासून पुढच्या काळातल्या, पात्रांवर अशी लाटांसारखी झिलई वारंवार आढळते आणि चिनी जाणकारांनी तिला तसेच नाव दिले आहे. कांगशी काळातली उत्तम झिलई मातीला कातडीसारखी चिकटून असते, तिच्यात निळसर झाक असते आणि प्रतिबिंब बरेच स्थिर दिसते. हा फरक छायाचित्रात जवळजवळ कधीच कळत नाही. ज्यांना छायाचित्रावरूनच खरेदी करावी लागते त्यांनी विक्रेत्याकडे खिडकीच्या तिरक्या उजेडातली लहानशी चित्रफीत मागावी, असे मी अनुभवाने सुचवीन.

मात्र मला सर्वांत जास्त वेळ लागला तो निळ्या रंगापाशी, कारण या प्रकारच्या फुलदाणीचा सगळा जीव त्या रंगात असतो. जिंगदेझेनमध्ये, म्हणजे च्यांगशी प्रांतातल्या ज्या गावी ही परंपरा शतकानुशतके नांदली तिथे, चित्र काढले जाते ते कच्च्या, न भाजलेल्या मातीवर. कोबाल्टची भुकटी पाण्यात कालवून तिने काढलेली रेषा त्या वेळी करडी-काळी दिसते; चित्रकाराला आपला निळा रंग दिसतच नाही, तो त्याला अनुभवाने ओळखावा लागतो. कोरडी माती पाणी तत्काळ शोषून घेत असल्यामुळे एकदा टेकवलेला कुंचला मागे घेता येत नाही. मग वरून झिलई चढवली जाते, आणि सुमारे १३०० अंश सेल्सियस तापमानात, भट्टीत हवा कमी ठेवून, पात्र भाजले की झिलईच्या खाली निळा रंग उजळतो. कांगशी काळातल्या चित्रकारांनी या रंगाच्या पाण्यावर विलक्षण हुकमत मिळवली होती. पोट फुगीर असलेल्या, भरपूर पाणी धरणाऱ्या कुंचल्याने ते एकाच निळ्याच्या फिकट ते गडद अशा अनेक छटा शेजारी शेजारी उतरवत, आणि त्या छटा एकमेकींत मिसळू देत, पण ओघळू देत नसत. त्यामुळे त्या काळच्या उत्तम फुलदाणीवरची बर्फाची जमीन खरोखर खोल वाटते. कुठे पातळ, कुठे जाड, आणि तड्यांच्या रेषा त्या थरांमधून जाताना दिसतात.

माझ्या फुलदाणीवरचा निळा रंग सुरेख आहे, पण तो एकाच खोलीवर आहे. जमीन सारखी रंगवलेली आहे आणि तड्यांच्या रेषा तिच्यावर जाळे टाकल्यासारख्या आखल्या आहेत. त्या रेषांमध्ये नियमितता आहे; हाताला सवय झालेली आहे आणि डोळ्याने बर्फ पाहणे थांबवलेले आहे, असे ते पाहताना जाणवते. रंगात जांभळ्याकडे झुकणारी किंचित झाक आहे, जी संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली नाहीशी होते आणि सकाळी पुन्हा दिसते. फांद्यांचे रेखाटन मात्र याहून वरच्या दर्जाचे आहे, आणि त्याविषयी पुढे लिहितो.

तुलनेसाठी मी जी पात्रे मनाशी धरली, त्यांत कोन दाओ बेटांजवळ, व्हिएतनामच्या किनाऱ्याबाहेर बुडालेल्या एका जहाजातला माल मला सर्वांत उपयोगी वाटला. ‘वुंग ताऊ’ या नावाने ओळखला जाणारा हा माल १९९२ साली ॲमस्टरडॅम येथे लिलावात विकला गेला. त्यात कांगशी काळातल्या निळ्या-पांढऱ्या फुलदाण्यांची मोठी संख्या होती, आणि त्यांचा काळ ठरवण्यासाठी बुडावरच्या अक्षरांवर अवलंबून राहावे लागत नाही. जहाजात १६९० या वर्षाशी जुळणारी चिनी कालगणनेची नोंद असलेली शाईची कांडी सापडली होती. ज्या पात्रांचा काळ पात्राबाहेरच्या पुराव्याने ठरला आहे, त्यांच्याशी आपली वस्तू ताडून पाहणे हा माझ्या मते नवख्या माणसाला उपलब्ध असलेला सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. समुद्राच्या पाण्याने त्यांतल्या अनेकांची झिलई निस्तेज केली आहे हे खरे; पण कातकाम, घाट आणि रेखाटनाची लय यांवर पाण्याचा परिणाम होत नाही.

आता बुडावरच्या अक्षरांकडे येतो. विक्रेत्याच्या वर्णनाचा सगळा भार त्यांच्यावर होता आणि परीक्षणात त्यांना मी मुद्दाम शेवटी ठेवले. कांगशी राजवटीत, १६७७ साली, जिंगदेझेनच्या स्थानिक अधिकाऱ्याने पात्रांवर सम्राटाच्या राज्यकाळाची अक्षरे लिहिण्यास मनाई केली होती. पात्र फुटले तर सम्राटाच्या नावाचा अवमान होईल, ही त्यामागची भावना. मनाई पुढे सैल झाली, पण तिचा परिणाम असा झाला की त्या काळातल्या असंख्य खऱ्या पात्रांच्या बुडाखाली नुसती रिकामी दुहेरी वर्तुळे, एखादे पान, किंवा दोनशे वर्षांपूर्वीच्या चेंगहुआ सम्राटाची अक्षरे आढळतात. जिथे कांगशीची स्वतःची अक्षरे आहेत तिथे ती बहुधा सहा असतात, कारण राजघराण्याचे नावही त्यांत येते. उलट, वर्तुळात बसवलेली चारच अक्षरे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या निळ्या-पांढऱ्या पात्रांवर इतकी सर्रास दिसतात की अनेक जाणकार ती पाहताच ग्वांगशूचा काळ गृहीत धरतात आणि मग त्याविरुद्ध पुरावा शोधतात. माझ्या फुलदाणीवरची चार अक्षरे जरा घाईने लिहिलेली आहेत; शेवटच्या अक्षराचा खालचा फटकारा वर्तुळाला जाऊन टेकला आहे.

यावर कोणी म्हणेल की मग बुडावरच्या लिखाणाला काही मोलच नाही का? लिखाणाला मोल असते, पण ते लिखाण काय सांगते आणि कोणासाठी सांगते यावर ते अवलंबून असते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ९५ क्रमांकाच्या दालनात संग्राहक पर्सिव्हल डेव्हिड यांचा संग्रह मांडलेला आहे, आणि त्यात हत्तीच्या मस्तकाचे कान असलेल्या, सुमारे ६३ सेंटीमीटर उंचीच्या दोन निळ्या-पांढऱ्या फुलदाण्या आहेत. त्यांच्या मानेवर, झिलईखाली, झांग वेनजिन नावाच्या भक्ताने एका देवस्थानाला त्या अर्पण केल्याचा लेख आहे: कुटुंबाच्या रक्षणासाठी, एका धूपपात्रासह, १३५१ साली. त्या माणसाला आपली फुलदाणी कोणाला विकायची नव्हती. तो देवाशी बोलत होता, आणि म्हणून त्या लेखातली तारीख चौदाव्या शतकातल्या सगळ्या निळ्या-पांढऱ्या पात्रांच्या अभ्यासाचा पाया ठरली. त्या दोघींसमोर उभा असताना मला पहिल्यांदा जाणवले की तेव्हाचा निळा रंग आतून किती अस्वस्थ आहे. कुठे काळपट ठिपके होऊन साकळलेला, कुठे पाणावलेला. माझ्या फुलदाणीवरची अक्षरे आणि तो लेख दोन्ही कोबाल्टनेच लिहिलेले आहेत, परंतु एक नवस आहे आणि दुसरे अलंकरण.

ही अलंकरणाची अक्षरे लिहिणाऱ्या कारागिराला लगेच लबाड म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पूर्वजांच्या उत्कृष्ट कामाला मान म्हणून त्यांच्या काळाची अक्षरे लिहिण्याची चीनमध्ये जुनी रीत आहे, आणि स्वतः कांगशी काळातले कारागीर चेंगहुआची अक्षरे लिहीत होतेच. शिवाय ग्वांगशूच्या काळात या विशिष्ट नक्षीला समुद्रापलीकडून मोठी मागणी होती. १८७० च्या सुमारास लंडनमध्ये निळ्या-पांढऱ्या चिनी पात्रांचे वेड पसरले होते. रोझेटी आणि व्हिस्लर यांच्यासारखे चित्रकार ती गोळा करत होते, आणि बर्फावरच्या प्लमच्या फुलांना तिथल्या लोकांनी चुकून हॉथॉर्न, म्हणजे एका वेगळ्याच काटेरी झुडपाची फुले, समजून तेच नाव देऊन टाकले होते, जे बाजारात अजूनही वापरले जाते. मूळ चिनी कल्पना त्या नावात हरवते. प्लम हिवाळा संपण्याआधी, पानांच्याही आधी फुलतो. तडकणारा बर्फ आणि उमलणारे फूल एकाच चित्रात येतात ते नव्या वर्षाच्या, सरत्या थंडीच्या खुणा म्हणून. जिंगदेझेनने ही मागणी पुरवली, आणि माझी फुलदाणी बहुधा त्या लाटेतली आहे.

खरी फसवणूकही तिथे जुनीच आहे, हे मात्र विसरू नये. फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशक दांत्रकोल हे जिंगदेझेनमध्ये राहत होते आणि त्यांनी १७१२ व १७२२ साली लिहिलेली दोन दीर्घ पत्रे या उद्योगाविषयीचे अत्यंत मोलाचे साधन मानली जातात. एक पात्र सुमारे सत्तर जणांच्या हातांतून जाते, एक जण फक्त काठाखालची रेष ओढतो, दुसरा फुलांची बाह्यरेषा काढतो, तिसरा ती भरतो, असे त्यांनी नोंदवले आहे. त्यांच्याच पहिल्या पत्रात नवे पात्र जुने कसे करतात याचेही वर्णन येते: ते स्निग्ध रश्श्यात शिजवतात, पुन्हा भाजतात आणि महिनाभर किंवा अधिक काळ घाणेरड्या गटारात पुरून ठेवतात. म्हणजे ज्या कांगशी काळाची नक्कल आज होते, त्या काळातच जिंगदेझेनमध्ये त्याहून जुन्या काळाची नक्कल होत होती. बुडावरचा मळ भिंगाने पाहण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठीच.

आता फुलदाणीच्या गुणांविषयी, आणि इथे मला हात आखडता घ्यायचा नाही. तिचा तोल उत्तम आहे. मान आणि पोट वेगवेगळे घडवून ओल्या मातीच्या लेपाने जोडलेले असतात. मानेचे तोंड रुंद असल्यामुळे हात आत घालता येतो आणि खांद्याच्या आतल्या बाजूला तो सांधा आडव्या उंचवट्यासारखा बोटाला लागतो, पण बाहेरून त्याचा मागमूस नाही. काठावर बोटाचे टोक हलकेच आपटले तर स्वच्छ, लांबत जाणारा नाद येतो, फक्त एका जागी तो येत नाही. फांद्या रेखाटणाऱ्याचा हात खरोखर कुशल होता. मुख्य फांदी बुडापासून निघते, पोटावर एकदा मागे वळते आणि मानेच्या सुरुवातीला, जिथे घाट आत जातो, तिथेच ती दुभंगते. त्यामुळे नजर न अडखळता वर जाते आणि मानेवरची फुले आकाशात उघडल्यासारखी दिसतात. जमीन रंगवणारा आणि फांदी काढणारा हे दोन वेगळे कारागीर असावेत, असे मला हे काम पाहताना वारंवार वाटले, आणि दांत्रकोल यांची नोंद वाचल्यावर ही शंका अधिकच दृढ झाली. न रंगवता सोडलेली पांढरी जागा म्हणजेच फूल, ही या नक्षीची किमया आहे. पाकळीचा पांढरा रंग कोणी लावलेला नाही, ती नुसती माती आणि तिच्यावरची झिलई आहे.

ज्या एका जागी नाद येत नाही, ती काठावरची सुमारे तीन सेंटीमीटरची जागा दुरुस्त केलेली आहे. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही, परंतु अतिनील दिव्याखाली धरताच ती आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळी, दुधाळ चमकते, आणि बोटाला ती बाकीच्या काठापेक्षा कमी थंड लागते. कधीतरी काठाचा कपचा उडाला असणार आणि कुशल माणसाने राळ व रंग वापरून तो भरला आहे. शिवाय तिथून खाली चार सेंटीमीटर केसासारखी चीर गेली आहे, जी प्रकाश मागून धरल्यावर कळते. दीडशे वर्षांच्या आसपासच्या फुलदाणीला इतके होणे साहजिक आहे आणि मी त्यासाठी तिला कमी लेखत नाही. याच काळातल्या कित्येक फुलदाण्यांना दिव्याची वायर जाण्यासाठी बुडाला भोक पाडलेले आढळते, कित्येकींच्या फुटलेल्या माना कापून काठावर धातूची पट्टी बसवलेली आढळते; त्या मानाने ही सुखरूप आहे. माझी तक्रार आहे ती वर्णनात दुरुस्तीचा उल्लेख नसल्याची. ‘वयाच्या मानाने उत्तम’ हा शब्दप्रयोग असल्या गोष्टी झाकण्यासाठी वापरला जाऊ नये.

विक्रेत्याच्या सेवेविषयी संमिश्र मत द्यावे लागते. बांधणी अत्यंत काळजीपूर्वक केलेली होती: फुलदाणीच्या आत मऊ कागद, मानेभोवती स्वतंत्र आधार, आणि दोन खोक्यांच्या मधल्या जागेत भरण. बुडाचे छायाचित्र मात्र दोनदा मागितल्यावर मिळाले, आणि तेही अक्षरांचे, कड्याचे नाही. मी माझी निरीक्षणे, अतिनील दिव्याखालची छायाचित्रे आणि लाखेच्या मोहोरेविषयीचा युक्तिवाद सविस्तर लिहून पाठवला. पहिल्या उत्तरात अक्षरांचाच पुन्हा हवाला होता. दुसऱ्या उत्तरात त्यांनी मोहोरेचा मुद्दा मान्य केला, फुलदाणी परत घेण्याची तयारी दाखवली, आणि मी ती ठेवू इच्छितो असे कळवल्यावर किमतीतला फरक परत करून नवी पावती दिली. चूक मान्य करणारा विक्रेता या व्यवहारात नेहमी भेटतोच असे नाही, म्हणून याची नोंद मी कृतज्ञतेने करतो. पण मोहोरेचा अर्थ मोहोर विकणाऱ्याला आधी ठाऊक असायला हवा होता.

पावतीवरच्या शब्दांबद्दल एक सूचना करतो. लिलावगृहांच्या सूचींमध्ये ‘कांगशी अक्षरे आणि त्याच काळातील’ आणि ‘कांगशी अक्षरे, परंतु नंतरची’ असे दोन स्पष्ट वेगळे शब्दप्रयोग असतात, आणि ‘कांगशी शैली’ हा तिसरा. पहिल्या शब्दप्रयोगामागे विक्रेत्याने काळाची जबाबदारी घेतलेली असते. इतर दोहोंमध्ये ती नसते. नुसते ‘कांगशी फुलदाणी’ असे लिहून दिले असेल तर तीन शक्यतांपैकी कोणती अभिप्रेत आहे हे पैसे देण्यापूर्वी लेखी विचारावे. मोठी रक्कम गुंतलेली असेल तर प्रयोगशाळेत उष्णतादीप्ती चाचणी, म्हणजे पात्र भाजल्याला किती काळ लोटला याचा अंदाज देणारी चाचणी, करता येते, परंतु तिच्यासाठी बुडातून लहानसा नमुना कोरून काढावा लागतो. माझ्या फुलदाणीसाठी मी तो मार्ग घेतला नाही. जे बूड इतके बोलते आहे, त्याला भोक पाडण्याची गरज मला वाटली नाही.

ज्यांना कांगशी काळाचे पात्रच हवे आहे, त्यांनी अशी फुलदाणी घेऊ नये. ज्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिंगदेझेनचे कारागीर आपल्या पूर्वजांकडे कोणत्या नजरेने पाहत होते हे रोज पाहायचे आहे, त्यांनी योग्य किमतीला, योग्य नावाने ती जरूर घ्यावी. मी तिच्यात पाणी घालत नाही, कारण काठाजवळच्या चिरेत ओल शिरली तर दुरुस्तीचा भाग सुटू शकतो. प्लमच्या फांद्या तिच्या अंगावर आहेत, तेवढ्या पुरेत. लाखेची मोहोर साफसफाईत पाण्याने किंवा मद्यार्काने पुसली जाऊ नये म्हणून मी ती जागा कोरड्या मऊ कुंचल्यानेच झाडतो. नव्या पावतीवर आता ‘एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध, कांगशी शैली, काठ दुरुस्त, निर्यातीची मोहोर मूळ’ असे लिहिलेले आहे, आणि ती पावती मोहोरेच्या छायाचित्रासह फुलदाणीच्या खोक्यात ठेवली आहे, म्हणजे माझ्यानंतर जो कोणी तिला हातात घेईल त्याला अक्षरांआधी ती वाचता येईल.